अजगराचे वाकोल्यातले बिऱ्हाड

बॉल पायथन हा अजगर आपल्या मातीतला नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या देशांतून पूर्वेकडे युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ, विरळ झाडीच्या पट्ट्यात तो राहतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने १८०२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात 'राजस' या अर्थाचा शब्द आहे. बाजारातल्या त्याच्या नावात मात्र चेंडू आहे. भ्याला की हा प्राणी फणा काढत नाही, फूत्कारत धावून येत नाही. डोके मधोमध लपवून स्वतःभोवती घट्ट वेटोळे घालतो. तीन ते पाच फूट लांबीचा, जाडजूड अंगाचा, बिनविषारी आणि मुळात भित्रा असा हा जीव आहे. त्याला घर कसे द्यावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या भित्रेपणातच आहे.

त्याच्या मायभूमीत अनेक ठिकाणी त्याला देवाचा मान आहे. बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचे देऊळच आहे. नायजेरियातल्या इग्बो समाजात त्याला मारणे पाप मानतात. चिनुआ अचेबे यांच्या 'अॅरो ऑफ गॉड' (१९६४) या कादंबरीत पुजाऱ्याचा मुलगा असा पवित्र अजगर लाकडी पेटीत कोंडतो आणि साऱ्या गावात खळबळ माजते. तिथे पेटीत अजगर कोंडणे हा अधर्म. इथे महानगरांत तो छंद. नागपंचमीला नागाची पूजा करणाऱ्या आणि उरलेले वर्षभर साप दिसताच काठी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विरोधाभास नवा नाही.

माझ्याच इमारतीतल्या एका तरुणाने असा अजगर पाळला, म्हणून मी या विषयाकडे वळलो. "काका, याची पेटी कुठे ठेवू?" एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर शोधताना मला आधी कायदा वाचावा लागला. आपला भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे; तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी मोकळा नाही. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे आणि भारत १९७६ पासून या करारात सामील आहे. अधिनियमातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यामुळे करारातल्या जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि नोंदणी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर होते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते. कागद नसलेला अजगर स्वस्तात मिळत असेल, तर तो कुठल्या वाटेने आला, हे विचारलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाकोल्याहून फार लांब नसलेल्या सहारच्या मालवाहू विमान संकुलात शोभेच्या माशांच्या खोक्यांमागे दडवलेले ६६५ प्राणी पकडले गेले. त्यांत अजगर होते, सरडे होते, कासवे होती. आणि ११७ प्राणी आधीच मेलेले होते.

कागद पुरे असले, तरच पुढचा प्रश्न: पेटी कशी असावी? निसर्गात हा अजगर दिवस उंदीर-घुशींच्या बिळात किंवा जुन्या वारुळात काढतो आणि काळोख पडल्यावर बाहेर येतो. म्हणून त्याची पेटी दुकानाच्या काचेसारखी चारी बाजूंनी उघडी नको. तीन बाजू बंद आणि समोर सरकती काच, ही रचना त्याला मानवते. पूर्ण वाढलेल्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा लागते. 'छोट्या डब्यात तो सुखी असतो' असे विकणारे सांगतात. पण त्याला आडोसा हवा असतो, अडचण नव्हे. नायजेरियात झालेल्या अभ्यासात नर आणि लहान अजगर झाडांवर चढून पक्षी खातात, असे आढळले आहे. तेव्हा अंग ताणता येईल एवढी लांबी आणि चढायला एखादी मजबूत फांदी हवीच. दीड खोलीच्या घरात आठ चौरस फूट ही लहान गोष्ट नाही. ज्याला ती देता येत नाही, त्याने अजगर आणू नये.

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. ती जागा बदलून मिळवतो. म्हणून पेटीचे एक टोक उबदार, सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सियस, आणि दुसरे थंड, २५ ते २७ अंश ठेवतात. दोन्ही टोकांना त्याचे अंग जेमतेम मावेल असा एकेक आडोसा असावा. आडोसा एकच असला, तर भित्रा प्राणी ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकच निवडतो, आणि बहुधा सुरक्षितता निवडून गारठत बसतो. यासाठी महागडी नकली गुहा नको. जुन्या छपराचे मंगलोरी कौल किंवा कडा घासून गुळगुळीत केलेले अर्धे मडके उत्तम. उबेसाठी हीट मॅट किंवा सिरॅमिकचा दिवा चालतो, पण थर्मोस्टॅटशिवाय कधीही नाही. पोटाखालची धग वाढत गेली, तरी साप वेळेत उठत नाही आणि भाजतो. दिवा असेल, तर त्याला जाळीही हवी.

परदेशी पुस्तके थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली असतात. वाकोल्यात हिशेब उलटा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी ३५ अंशांच्या वर सहज जाते आणि तशी ऊब तासन्तास टिकली, तर अजगराच्या जिवावर बेतते. तेव्हा हीटर बंद, पेटी बाहेरच्या तापत्या भिंतीपासून दूर, आणि पंख्याचा वारा खोलीत खेळता.

दमटपणाचे गणित अधिक फसवे आहे. या अजगराला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आपल्या हवेत ८५ टक्के असते, म्हणून पेटीत पाणी शिंपडायचेच नाही, असे वाटते. पण हवा तापली की तीच वाफ टक्क्यांत कमी भरते. २६ अंशांची ८५ टक्के दमट हवा उबदार कोपऱ्यात ३२ अंशांवर गेली, की काटा ६० च्या आसपास येतो. थंड कोपरा मात्र ओलाच राहतो आणि बुरशी तिथेच धरते. जानेवारीच्या रात्री २० अंश आणि ५० टक्के असलेली हवा तशीच तापवली, तर २५ टक्क्यांपर्यंत कोरडी होते. म्हणजे थर्मोस्टॅट एकच, पण पावसाळ्यात तो उपकार करतो आणि हिवाळ्यात अपकार. यासाठी दोन्ही टोकांना वेगवेगळे मापक लावावेत. पावसाळ्यात भोके मोकळी ठेवून बिछाना पातळ करावा आणि वारंवार बदलावा. ओल्या, कोंदट बिछान्यावर पोटाचे खवले कुजतात आणि श्वसनाचे आजार होतात. हिवाळ्यात काही भोके झाकून आत ओलसर शेवाळाचा एक डबा ठेवावा. हवा कोरडी राहिली, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची पारदर्शक खपली अडकून बसते. एसीच्या खोलीतही हीच अडचण येते.

बिछान्याला नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट चांगला. तो ओल धरतो आणि स्वस्तही असतो. सुताराकडचा भुसा नको. तो कुठल्या लाकडाचा आहे, हे कळत नाही, आणि देवदार किंवा पाइनच्या भुशातली तेले सापाच्या फुप्फुसाला त्रास देतात. पाण्याचे भांडे जड आणि त्याला बसता येईल एवढे रुंद हवे, पाणी रोज ताजे. खाणे आधी मारलेल्या उंदराचे, एक-दोन आठवड्यांतून एकदा. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नये. कधीकधी तो महिनोन्महिने खात नाही. वजन टिकून असेल, तर घाबरू नये. घटत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. दूध तो पीत नाही, हे नागपंचमीच्या निमित्ताने सांगून ठेवतो.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी. सापाला जमिनीतून येणारी कंपने जाणवतात. वॉशिंग मशीनशेजारी, स्पीकरखाली किंवा दिवाळीत फटाके फुटतात त्या गॅलरीत पेटी नको. दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला; मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला दोन्ही घरांत शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्याने पेटी टेबलाच्या उंचीवर ठेवावी आणि शेजारी एक जाड अभ्रा व भोके पाडलेली, झाकणाची बादली तयार असावी. काचेला कुलूप तर हवेच. पळालेला अजगर शेजाऱ्यांना इजा क्वचितच करील. घाबरलेले शेजारी त्याला जिवंत सोडतील, याची मात्र खात्री नाही. आणि नको झाला म्हणून आरेच्या जंगलात सोडणे हा पर्यायच नाही; तिथल्या जिवांना परका रोग लागू शकतो.

शेवटी आयुष्याचा हिशेब. हा प्राणी नीट सांभाळला, तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या मादीने २०२० मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर, नराशिवाय सात अंडी घातली. आपल्याकडे तेवढ्या काळात चाळ पडते, टॉवर होतो, मुलगा नोकरीसाठी दूरदेशी जातो. शेजारच्या तरुणाला मी पेटीची मापे लिहून दिली, तेव्हा खाली एक ओळ जोडली: तू घर सोडलेस, तर याचे काय? त्याच्या आईने तो कागद आधी वाचला. "काका, मापांचं जमेल," ती म्हणाली, "पण या ओळीचं उत्तर आम्हाला सगळ्यांना मिळून द्यावं लागेल." ते उत्तर ठरल्यावरच सुताराला बोलावण्यात आले.