कूपर, कूर्पर आणि कोपर : शारीर संज्ञांतील व्यक्तिनामांचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव गोदावरीच्या काठी वसले आहे. त्याच्या नावातील ‘गंगा’ म्हणजे गोदावरी, हे त्या परिसरात कोणास सांगावे लागत नाही. परप्रांतीयाचे लक्ष मात्र उत्तरेकडील नदीकडे वळते. नाव एक व वस्तू दोन झाल्या की ऐकणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर अर्थ अवलंबून राहतो. ग्रामनामात ही अडचण किरकोळ ठरते; शरीराच्या अवयवांच्या नावांत ती तशी राहत नाही.

पाश्चात्त्य शारीरशास्त्रात अनेक भागांना संशोधकांची नावे दिलेली आहेत. सोळाव्या शतकातील इटालियन शारीरज्ञ गाब्रिएले फॅलोपिओ (१५२३–१५६२) याचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या नावाने स्त्रीची अंडवाहिनी ओळखली जाते. कानशिलाच्या हाडातून जाणारा, चेहऱ्याच्या मज्जातंतूचा मार्गही त्याच्याच नावाचा. आणि जांघेतील बंधासही जुन्या ग्रंथांत तेच नाव आढळते. याच बंधास अन्यत्र फ्रेंच शारीरज्ञ पूपार याचे नाव आहे. म्हणजे एका नावाचे तीन भाग आणि एका भागाची दोन नावे, असा दुहेरी घोटाळा होतो. फॅलोपिओचा समकालीन यूस्टाकी याचे नाव घसा व मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नळीस आहे, तसेच हृदयातील एका झडपेसही आहे.

या संज्ञा मराठीत येतात तेव्हा लिपीमुळे घोटाळ्यात भर पडते. रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते, त्यामुळे शब्द व्यक्तिवाचक असल्याचे डोळ्यांस कळते. देवनागरीत अशी सोय नाही. ॲस्ली कूपर (१७६८–१८४१) या इंग्रज शल्यविशारदाच्या नावाने स्तनातील आधारबंध ओळखले जातात आणि जांघेजवळील एक बंधही ओळखला जातो. त्याच्या आधीचा विल्यम कूपर (१६६६–१७०९) हा पुरुषाच्या मूत्रमार्गालगतच्या ग्रंथींमुळे परिचित आहे. या दोन आडनावांचे इंग्रजी वर्णलेखन भिन्न, पण परंपरागत उच्चार एकच. उच्चारानुसार लिहावे तर दोन्ही ‘कूपर’ होतात. वर्णलेखनानुसार दुसऱ्यास ‘काउपर’ करावे तर उच्चार बिघडतो. शिवाय संस्कृतात ‘कूर्पर’ म्हणजे कोपर. सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मांत त्या नावाचे एक मर्म आहे. मुद्रणात एक रफार गळला की ‘कूर्पर बंध’ हा ‘कूपर बंध’ होतो आणि वाचक कोपरावरून थेट जांघेत पोहोचतो.

युरोपातही ही अडचण जाणवलीच होती. इ. स. १८९५ मध्ये बाझेल येथे मान्य झालेल्या नामावलीने सुमारे ५०,००० प्रचलित नावांतून सुमारे ५,००० निवडली. इ. स. १९५५ च्या पॅरिस नामावलीने व्यक्तिनामे वगळण्याचे तत्त्व स्वीकारले. इ. स. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय नामावलीतही अधिकृत संज्ञा वर्णनपरच आहेत. तरीही रुग्णालयांतील बोलण्यातून जुनी नावे गेलेली नाहीत. कारण ती आटोपशीर असतात आणि गुरूच्या तोंडून शिष्याकडे जातात.

मराठीस या बाबतीत एक स्वाभाविक लाभ आहे. ‘अंडवाहिनी’ हा शब्द कार्य सांगतो, ‘वंक्षण बंध’ स्थान सांगतो. टाचेमागच्या जाड शिरेस पाश्चात्त्यांनी अकिलीस या ग्रीक वीराचे नाव दिले; आपल्याकडे तिला ‘घोडशीर’ म्हणतात. अर्थात संस्कृत घटकांनी बनलेली संज्ञा आपोआप सुबोध होत नाही. ‘वंक्षण’ म्हणजे जांघ, हे गंगाखेडच्या रुग्णास तर नाहीच, पण पुष्कळदा विद्यार्थ्यासही सांगावे लागते. परंतु हा अर्थ एकदा कळला की त्या प्रदेशातील इतर संज्ञांचीही उकल होते. फॅलोपिओचे चरित्र पाठ केले तरी त्याच्या नावाचा कोणता भाग कोठे आहे, हे त्यातून कळत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत बहुसंख्य इंग्रजी संज्ञा नागरी लिपीत जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत. मराठीत असा उपक्रम करताना लिप्यंतर म्हणजे परिभाषा नव्हे, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. मुख्य संज्ञा स्थान वा कार्य सांगणारी असावी. व्यक्तिनाम सूचीत, पूर्ण नाव व काळ यांसह द्यावे, म्हणजे जुना ग्रंथ वाचणाराही अडणार नाही. पूर्वसूरींचे ऋण इतिहासाच्या प्रकरणात मानता येते. शस्त्रक्रियेच्या टिपणात मात्र नेमकी जागा कळणे आवश्यक असते.