भाताच्या पातीला धार कुठून येते?

भाताच्या खाचरात बेणणी केलेल्याला सांगावं लागत नाही. पाती दंडावर घासली की बारीक ओरखडे उठतात आणि घामाने चुरचुरतात. ती धार सिलिकाची. मुळं मातीतून सिलिकॉन घेतात, ते पानात जाऊन सिलिका बनतं आणि काचेसारखं घट्ट बसतं. ही सिलिका पिकाचं किडीपासून संरक्षणही करते; त्याबद्दल काही गैरसमज आहेत. ते दूर व्हायला हवेत, कारण त्यांची किंमत शेतकरी मोजतो.

गैरसमज 1 : मातीत सिलिका भरपूर आहे, पिकाला ती कमी पडणारच नाही.

वस्तुस्थिती : पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 28 टक्के सिलिकॉन आहे, हे खरं. पण मुळाला वाळू खाता येत नाही; पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्लच आत जातं. कोकणच्या जांभ्या मातीतली सिलिका मुसळधार पावसाने वर्षानुवर्षं धुऊन नेली आहे. त्यात पेंढ्याच्या कोरड्या वजनात 10 टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. पेंढा शेताबाहेर गेला की तीही गेली.

गैरसमज 2 : सिलिकॉन हे कीटकनाशक आहे.

वस्तुस्थिती : ते विष नाही. सिलिकायुक्त पान चावताना अळीचे जबडे झिजतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ मंदावते. खोडकिड्याच्या अळीला खोडात शिरायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती बाहेर राहते आणि मित्रकीटकांच्या तावडीत सापडते. मात्र एकदा पानात बसलेली सिलिका तिथून हलत नाही, नव्या पानाला नवाच पुरवठा लागतो. म्हणून कीड दिसल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

गैरसमज 3 : चरणाऱ्या प्राण्यांना याने फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : ब्रिटनमधल्या प्रयोगांत सिलिकायुक्त गवतावर ठेवलेल्या, उंदरासारख्या व्होल प्राण्यांची वाढ खुंटली. वारंवार कुरतडलेल्या गवताने आपली सिलिका वाढवली. नुसत्या कातरीने कापलेल्या गवतात तशी वाढ दिसली नाही. पण सिलिका म्हणजे कुंपण नव्हे. रानडुकरांपासून राखण करावीच लागेल.

गैरसमज 4 : सगळ्या पिकांना सारखाच फायदा होतो.

वस्तुस्थिती : भात, ऊस, गहू ही गवतवर्गीय पिकं सिलिकॉन भरपूर घेतात, टोमॅटो फारच कमी. भाताच्या मुळातलं सिलिकॉन आत घेणारं जनुक जपानी शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये शोधलं.

गैरसमज 5 : सिलिकॉन बाटलीतूनच विकत घ्यावं लागतं.

वस्तुस्थिती : ते गिरणीमागच्या तुसाच्या ढिगात आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे : पेंढा शेतात गाडायचा आणि तुसाची काळी राख रोपवाटिकेत, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, पेरणीपूर्वी मातीत मिसळायची. राख काळीच हवी. प्रखर आचेत पांढरी झालेल्या राखेतली सिलिका सहज विरघळत नाही.

रोप लावणीला निघेल तेव्हा त्याच्या पातीला धार आलेली असेल, खोडकिडा येण्याआधीच. म्हणून तुसाची राख उकिरड्यावर टाकू नका. ती आपल्याच शेतातून आली आहे, तिथेच परत जाऊ द्या.