आशाताईंची शाळा मोबाइलवरही भरते

बाळ सात दिवसांचे. कालपर्यंत जोर लावून दूध ओढत होते, आज तोंड लावते आणि सोडून देते. घरच्यांना वाटते, झोप पूर्ण झाली नसेल. गृहभेटीला आलेल्या आशाताईला मात्र लगेच ठरवायचे असते: ही साधी सुस्ती आहे की जंतुसंसर्गाची सुरुवात?

याचे उत्तर तिने प्रशिक्षणात ऐकलेले असते. पण त्याला कदाचित वर्ष उलटलेले असते. शिकलेले वापरले नाही, की ते झपाट्याने विसरते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवले होते. थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी झाली, तरच ज्ञान टिकते. बिलोलीसारख्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात ही उजळणी करायची कुठे? महिन्याची बैठक प्राथमिक आरोग्य केंद्रात होते; बाळ मात्र बैठकीची वाट पाहून आजारी पडत नाही.

आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सुरू झाली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, असे तिचे सूत्र. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचे असते. प्रसूती घरीच झाली असेल, तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची ही पद्धत महाराष्ट्रानेच देशाला दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. हे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९७० पासून, नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या अनेक बाया तिथे आरोग्यसेविका झाल्या. त्या नियमाने केंद्रावर जमत, आपापल्या गावातला अनुभव सांगत आणि एकमेकींच्या चुका सुधारत. डॉक्टरांचे शिकवणे होतेच. पण त्या गप्पांतूनही शिकणे घडत होते. जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये याच प्रक्रियेची शास्त्रीय मांडणी केली: माणूस काम करणाऱ्यांच्या संगतीत राहून, हळूहळू त्यांच्यातला एक होत शिकतो. सुतारकीपासून सुईणकीपर्यंत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले.

आज हा कट्टा व्हॉट्सअ‍ॅपवर भरू शकतो. श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाते म्हणजे नेमके काय, हे कागदावरच्या चार ओळींपेक्षा अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून लवकर कळते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि तो ६० किंवा त्याहून जास्त भरला, तर पुन्हा मोजून खात्री करायची, ही आठवण गटप्रवर्तक एका आवाजी संदेशातून करून देऊ शकते. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कुठल्या घरात मराठी, कुठे तेलुगू, तर कुठे दोन्ही मिसळून बोलतात. आई बाळाचे दुखणे कोणत्या शब्दांत सांगते, हे पुस्तकात नसते. शेजारच्या गावच्या आशाताईला ते ठाऊक असते.

पण हेच साधन उलटूही शकते. नवे परिपत्रक, अहवालाची मागणी, शुभ सकाळची फुले आणि कुठून तरी आलेला घरगुती काढा, सगळे एकाच गटात कोसळले, की कामाचा प्रश्न दिसतच नाही. म्हणून शिकण्याचा गट आदेशांच्या गटापेक्षा वेगळा हवा. त्यात वैद्यकीय अधिकारी किंवा आरोग्यसेविका असावी आणि चुकीचा सल्ला तिथल्या तिथे दुरुस्त व्हावा. बाळंतिणीचे नाव, चेहरा किंवा तपासणीचा कागद गटात टाकू नये. गावात एक फोटो फिरायला वेळ लागत नाही. शिवाय मोबाइलचा खर्च आणि रात्री-बेरात्री उत्तर देण्याचा भार तुटपुंज्या मोबदल्यावर काम करणाऱ्या बाईच्याच माथी मारला, तर शिकण्याची हौस फार काळ टिकणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गट हा दवाखाना नव्हे. बाळाने दूध ओढणे बंद केले, हातपाय शिथिल पडले, रडणे क्षीण झाले, अंग थंड लागले, पोट फुगले किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे. अशा वेळी उत्तराच्या निळ्या खुणांची वाट पाहायची नाही. बाळाला उबदार गुंडाळून, १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलावून थेट रुग्णालय गाठायचे. काय घडले, काय लवकर ओळखता आले असते, याची चर्चा गटात नंतर जरूर व्हावी. पुढच्या गावातल्या बाळाला तिचाच उपयोग होईल.