व्याधाच्या रानातला महादेव

माघ वद्य चतुर्दशीच्या रात्री आपल्या अनेक घरांतून शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचला जातो. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ साली, रचलेला हा ग्रंथ. त्या अध्यायातील व्याधाची कथा आजीच्या तोंडून ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. दिवसभर शिकार न मिळालेला एक व्याध रात्री पाणवठ्याकाठी बेलाच्या झाडावर चढून बसतो. नेम धरण्याच्या आड येणारी पाने तो खुडून खाली टाकतो. खाली शिवलिंग आहे हे त्याच्या गावीही नसते. उपवास घडतो, जागरण घडते, बिल्वार्चन घडते, आणि शेवटी दिलेल्या वचनाला जागून परत येणाऱ्या हरिणांपुढे त्याचा बाण गळून पडतो. आकाशात मृग आणि व्याध आजही एकमेकांसमोर उभे आहेत.

ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. महाशिवरात्रीचा हा थोर व्रती देवळातला पुजारी नव्हे, शास्त्री नव्हे, गावात राहणाराही नव्हे. तो रानातला माणूस आहे. त्या माणसाचे रान आजही पाहावयाचे असेल, तर या पर्वकाळी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, इटियाडोहाच्या काठी यावे.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला अर्जुनी मोरगाव तालुका आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील अर्जुनी स्थानकावर उतरले की धानाची कापलेली शेते, त्यांचे बांध, बोड्या आणि तलाव दिसू लागतात. मग हळूहळू शेते मागे पडतात आणि झाडी जवळ येते. माघ संपत आलेला असतो. पळस नुकता पेटू लागलेला असतो, मोहाची पाने गळत असतात. फुलांचा सडा पडावयास अजून थोडा अवकाश असतो. गोठणगावजवळ गाढवी नदीवर १९७० साली पूर्ण झालेले इटियाडोह धरण आहे. सुमारे तीस मीटर उंचीचा हा मातीचा बांध दोन टेकड्यांच्या मध्ये इतका सहज बसला आहे, की पाणी तेथे पूर्वापार असावे असेच वाटते. परंतु ते तसे नाही. या पाण्याखाली रान आहे आणि कोणाची तरी शेतेही आहेत. खाली अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, वडसा, आरमोरीकडच्या धानाला जे पाणी मिळते, ते या बुडालेल्या रानाच्या मोलाने मिळते, एवढे काठावर उभे राहणाऱ्याने ध्यानी धरावे.

झाडीपट्टीला पाणी अडविण्याची विद्या नवी नाही. जवळच्या नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी लोकांची दृढ परंपरा आहे, आणि त्याभोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणून ओळखतात. तलाव बांधताना डोंगरातल्या देवींनाही नात्यात घेतल्याशिवाय येथील माणसाला चैन पडत नाही. आपल्या उपवासाच्या ताटात जो शिंगाडा असतो, तोही या भागात ढिवर लोक अशाच तळ्यांत उतरून पिकवितात. थंडीच्या दिवसांत छातीएवढ्या पाण्यात उभे राहून वेली चाचपण्याचे ते काम ज्याने एकदा पाहिले, त्याला शिंगाड्याच्या पिठाची थालीपीठे पुढे कधी साधी वाटत नाहीत.

इटियाडोहाच्या परिसरातच प्रतापगडाचा डोंगर आहे. वर जुन्या गडाचे अवशेष, आणि महादेवाचे स्थान. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतून आणि पलीकडे छत्तीसगडातूनही लोक येतात. ते एकेकटे येत नाहीत. ‘पोहे’ घेऊन येतात. पोहा म्हणजे महादेवाला निघालेल्या भक्तांचा जथा. खांद्यावर त्रिशूळ, कपाळी भस्म, आणि ‘हर बोला महादेव’ असा एकाने दिलेला पुकारा सर्वांनी उचललेला. पचमढीजवळच्या चौरागडाला त्रिशूळ वाहण्याची जी रीत आहे, तिचेच हे भावंड. पोह्यात म्हातारीकोतारी असतात, काखेत मूल घेतलेल्या बाया असतात, आणि ज्याच्या मागे सारे चालतात असा एक जाणता असतो. डोंगर फार उंच नव्हे. पण माघातले ऊन या भागात दुपारी चांगलेच जाणवते, आणि आम्हां शहरी मंडळींना दोन ठिकाणी बसावे लागले हे कबूल केले पाहिजे. नऊवारी काठाच्या ओच्यात बेलाची पाने बांधून एक आजीबाई आमच्या पुढून चढून गेल्या. जाताना ‘बसा जी, देव काही पळून नाही जात’ एवढे बोलल्या.

याच डोंगराच्या परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे हे गुरू. महाशिवरात्रीच्या सुमारासच येथे उरूसही असतो. पोह्यातली माणसे महादेवाला बेल वाहून उतरली की दर्ग्यावरही माथा टेकवितात. त्याबद्दल कोणी काही बोलून दाखवीत नाही. बोलण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटतच नाही.

आता मूळ यजमानांविषयी. हा मुलूख गोंडांचा. येथे येणाऱ्या भाविकाने ‘मागासलेल्या लोकांत देवधर्म पोहोचला’ अशा समजुतीने येऊ नये. देव येथे आधीपासून आहे. गोंडांचा बडादेव, त्यांच्या भाषेत पेर्सापेन, देवळात राहत नाही; त्याचे स्थान साजाच्या, म्हणजे आपण ज्याला ऐन म्हणतो त्या झाडात असते. आम्ही एका वृद्ध गोंड गृहस्थांना त्यांचे देऊळ कोठे आहे असे विचारले. त्यांनी हाताने एक झाड दाखविले. आम्ही पुन्हा विचारले, ‘झाडाजवळ आहे का?’ ते म्हणाले, ‘झाडच तर आहे जी.’ त्या झाडाला ना कळस होता ना पायरी. खाली दोन दगड होते आणि जमीन सारवलेली होती.

महादेवाशी गोंडांचे नाते आपल्याहून जुने असेल, आणि गुंतागुंतीचे तर निश्चितच आहे. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली लिंगोची गोंडी गाथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. तीत महादेव गोंडांना एका गुहेत कोंडून टाकतो, आणि त्यांच्या सुटकेसाठी लिंगो त्याच महादेवाची आराधना करतो. याच जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची प्रचंड गुहा हीच ती जागा, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. तेथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत कली कंकालीची कोंडलेली मुले पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड सोडवितात, आणि गुहेच्या तोंडावरची शिळा सारताना वादक हिरासुका पाटालीर तिच्याखाली चिरडून मरतो. दर माघ पौर्णिमेला, आपल्या शिवरात्रीच्या दोन आठवडे आधी, गोंड लोक दूरदूरच्या राज्यांतून तेथे जमतात. ‘जय सेवा’ हे त्यांचे अभिवादन. या परंपरेच्या अभ्यासासाठी मोतीरावण कंगाली यांनी आयुष्य वेचले. २०१५ साली ते निवर्तले.

आज अनेक गोंड बंधू स्पष्टपणे म्हणतात की, आमचा कोया पुनेम हा स्वतंत्र धर्म आहे, आमच्या शंभूला तुमच्या पुराणात बसवू नका. हे ऐकताना आपल्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला क्षणभर टोचते. ‘अहो, महादेव तर सर्वांचाच!’ असे तोंडावर येते. आमच्याही आले. पण मग तो अध्याय आठवतो. व्याधाला कोणी पूजाविधी शिकविला नव्हता; त्याने आपल्या झाडावर बसून आपल्या रीतीने जे केले, ते शंकराने जसेच्या तसे पदरात घेतले. किरातरूपाने अर्जुनापुढे उभा राहिलेला शंकरही रानातल्या वेषातच आला होता. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्याने आपले नाव जसे सांगितले तसे ते उच्चारावे, एवढा पाहुणचाराचा साधा नियम येथेही लागू करावयास हरकत नसावी. पारावर चार घटका बसून ऐकले, तर डोंगरावर चढताना देवाचे दर्शन काही कमी होत नाही.

आणि आता या स्थानाचे खरे नवल. प्रतापगडाच्या आसमंतात तिबेटी लोकांची वसाहत आहे. नोरग्येलिंग हे तिचे नाव. १९७२ साली ती वसली. मायभूमी सोडून आलेल्या या लोकांना येथे जमीन मिळाली. बर्फाच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात धान पेरावयास शिकावे, ही गोष्ट लिहावयास सोपी आहे. थंडीत यांतील अनेक कुटुंबे शहरोशहरी लोकरी कपडे विकावयास जातात. आपल्या गावच्या रस्त्यावर स्वेटर घेताना ज्यांच्याशी आपण दोन-पाच रुपयांची घासाघीस करतो, त्यांतला एखादा विक्रेता या महादेवाच्या शेजारचाही असू शकतो. वसाहतीत गोम्पा आहे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या मंत्रांच्या पताका आहेत.

आपण ज्याला कैलास म्हणतो, त्याला हे लोक कांग रिनपोचे, म्हणजे हिमाचे रत्न, म्हणतात, आणि आपल्यासारखीच उजवीकडून त्याची प्रदक्षिणा करतात. आपल्याकडून कैलास-मानसरोवराची यात्रा १९८१ साली पुन्हा सुरू झाली. २०२० पासून ती खंडित होती आणि २०२५ मध्ये पुन्हा चालू झाली. आपल्याला निदान तिची वाट पाहता येते. ज्यांच्या वाडवडिलांचा तो शेजार होता, त्यांपैकी कित्येकांच्या नशिबी ती वाटही नाही. त्यांचे नववर्ष, लोसार, चांद्रमासाच्या आरंभी येते, आणि पुष्कळ वर्षी ते महाशिवरात्रीला दोन-तीन दिवसांवर लागून असते. डोंगरावर पोह्यांचा गजर चालू असतो तेव्हा खाली या घरांतून नव्या वर्षाची झाडलोट सुरू असते.

आम्ही उतरलो तेव्हा इटियाडोहाचे पाणी तांबूस झाले होते. यात्रेच्या गर्दीने भरलेली एस. टी. गोठणगावला थांबली. पोह्याचे त्रिशूळ टपावर बांधले होते, आत पाय ठेवावयास जागा नव्हती. हातात माळ असलेली एक तिबेटी वृद्धा दाराशी उभी राहिली. भस्म लावलेला एक तरुण काही न बोलता उठला. ती बसली, आणि सकाळी आमच्या पुढून गड चढून गेलेल्या आजीबाईंनी, ज्या शेजारीच बसल्या होत्या, ओच्यातून उरलेले बेलाचे एक पान काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले व माळेसह मुठीत धरले. गाडी अर्जुनीच्या वाटेला लागली.