शोबोट : दिमाख पुढे, इंजिन मागे!

तर झालं काय, आमच्या टेक्निकल फेस्टमध्ये मी आणि माझ्या रूममेटने लाइन फॉलोअर रोबोट ठेवला होता. बोलायचं काम माझं, कारण कॉन्व्हेंटच्या कृपेने इंग्लिश फाडफाड येतं. मी रोबोटला निळे एलईडी लावले, बझरवर ट्यून बसवली आणि जजसमोर दहा मिनिटं नॉनस्टॉप बोलले. बरीच वर्षं अमेरिकेत नोकरी करून आलेले ते सर शांतपणे ऐकत होते. शेवटी हसून म्हणाले, "नाइस शोबोटिंग! आता सेन्सर कॅलिब्रेट कसे केले ते सांग."

मी गप्प. ते काम रूममेटचं होतं. तिने मराठीत चार वाक्यांत सांगितलं. दुसरा नंबर मिळाला आणि फोटोत पुढे अर्थातच मी!

'शोबोटिंग' मात्र डोक्यातून जाईना. अर्थ शोधला : लोकांचं लक्ष वेधण्यासाठी, गरज नसताना कौशल्याचं प्रदर्शन करणे. असं करणाऱ्या माणसालाही 'शोबोट'च म्हणतात. थोडक्यात, आपल्या होस्टेलच्या भाषेत 'शायनिंग मारणे'. पण शोबोट म्हणजे बोट? शायनिंगचा आणि बोटीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि मजेदार आहे. शोबोट म्हणजे खरोखरचं तरंगतं नाटक थिएटर! मूळचे इंग्लंडचे नट विल्यम चॅपमन यांनी १८३१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला असं पहिलं थिएटर बांधलं. सगळं कुटुंब बोटीवर. ओहायो आणि मग मिसिसिपी नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं, काठच्या गावांत थांबून खेळ करायचे. न्यू ऑर्लिन्सला पोचलं की बोट तिथेच काढून टाकायची आणि स्टीमरने परत पिट्सबर्ग. पुढच्या वर्षी नवी बोट!

नंतरच्या शोबोटी चांगल्याच भपकेबाज झाल्या. वर झेंडे, आत रंगीत सजावट. शिवाय कॅलायपी नावाचं वाद्य. १८५५ मध्ये जोशुआ स्टॉडर्ड यांनी त्याचं पेटंट घेतलं. बॉयलरच्या वाफेवर शिट्ट्या वाजवायच्या, की बोट दिसायच्या आधीच गावाला कळायचं, नाटक आलं! पुढे रस्ते, मोटारी आणि सिनेमा आले आणि शोबोटी मागे पडल्या. पण एडना फर्बर यांची 'शो बोट' कादंबरी १९२६ मध्ये आली, १९२७ मध्ये त्यावर ब्रॉडवेचं संगीत नाटक आलं आणि हे नाव घरोघरी पोचलं. बोटी गेल्या, शब्द राहिला. तो माणसांना चिकटला, मग क्रियापदही झाला.

फुशारकी आणि शोबोटिंग यांत एक फरक आहे. फुशारकी नुसत्या तोंडाने मारता येते. शोबोटिंगला अंगात काहीतरी असावं लागतं, म्हणून हा शब्द खेळात जास्त ऐकू येतो. १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्सलाच बॉक्सर शुगर रे लिओनार्डने उजवा हात गरागरा फिरवून दाखवला आणि ठोसा लगावला डाव्या हाताने! समोरचा रॉबर्टो डुरान पुढच्याच राउंडमध्ये लढत सोडून निघून गेला.

पण हे अंगाशीही येतं. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डच्या शर्यतीत अमेरिकेची लिंडसे जेकबेलिस खूप पुढे होती. शेवटून दुसऱ्या उडीत तिने उगाच स्टाइल म्हणून बोर्ड हाताने पकडला आणि आपटली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या तान्या फ्रीडेनला गेलं. लिंडसेला ते मिळालं २०२२ मध्ये, तब्बल १६ वर्षांनी.

आता इंजिनिअरिंगचा मुद्दा. बहुतेक शोबोटींना स्वतःचं इंजिनच नसायचं! इंजिन आणि बॉयलर बसवायचे तर प्रेक्षकांची जागा जाणार. म्हणून एक छोटी स्टीमर मागून ढकलायची. नाव 'टो-बोट', म्हणजे ओढणारी. काम मात्र ढकलायचं. काठावरचे लोक बघणार शोबोटच.

हे वाचलं आणि मला आमचा फोटो आठवला. एलईडी, ट्यून, इंग्लिश, सगळं माझं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून कोड लिहिणारी आणि सेन्सर लावणारी मात्र मागे उभी. कॅलायपी मी वाजवत होते, वाफ तिची होती!

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण बोलायलाही कुणीतरी लागतंच की." खरंय. शोबोट नसती तर गावात नाटक आलंच नसतं. पण पुढच्या प्रोजेक्टला अर्धं प्रेझेंटेशन ती करणार, मराठीत जमेल तसं, आणि अर्धी वायरिंग मी करणार, असं ठरलंय.

आणि हो, या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका तिनेच काढल्यात. उरल्या असतील त्या माझ्या.