विश्लेषण : मालिकेतला छळ आणि कायद्यातला छळ, फरक काय?

मालिकेत घरातली हिंसा म्हटली की कानाखाली वाजलेली चपराक, तोच क्षण तीनदा आणि कारस्थानी सासू हे ठरलेले असते. कायदा हिंसा कशाला म्हणतो आणि दाद कुठे मागायची, हे मात्र क्वचितच दिसते.

राधिका, अरुंधतीने काय दाखवले?

‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६-२०२१) मधली राधिका नागपूरची. तिची वऱ्हाडी ढंगाची बोली अमरावती-अकोल्याच्या घरांना आपली वाटणारी. नवरा दुसरीकडे गुंततो, तिला गावंढळ ठरवतो. ती मसाल्यांचा व्यवसाय उभारते. ‘आई कुठे काय करते’ (२०१९-२०२४) मधली, कायम कमी लेखलेली अरुंधती घटस्फोट घेते. हात न उगारताही अपमान होतो, हे या मालिकांनी घरोघरी पोहोचवले. पण सुटका होते ती नायिकेच्या कर्तृत्वाने. जिच्या हाती पैसा नाही, तिने काय करायचे?

कायदा काय म्हणतो?

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. सततचे टोमणे, घरखर्च न देणे, स्त्रीधन काढून घेणे हीदेखील हिंसाच. घर पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क महिला मागू शकते. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तक्रारी पुढे का येत नाहीत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी मदत मागितली. ७७ टक्के महिलांनी कुणाला सांगितलेही नाही. सोसणारी सून शेवटी जिंकते, हे मालिकांचे सूत्र या मौनाला बळच देते.

मदत कुठे?

अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांत संरक्षण अधिकारी व ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२. शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्यांच्यावर कारवाई होत नाही.