बँकेचा पत्ता शेवटाकडून वाचा

'धानाचा बोनस जमा करायचा आहे, लिंकवर खाते क्रमांक टाका' असा मेसेज आला, तर आधी काय बघाल? लोगो? तो कुणीही कॉपी करतो. कुलूप? त्याचा अर्थ एवढाच, की माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे चोरही असू शकतो.

वेबसाईटच्या नावाचा खरा मालक कळतो तो शेवटच्या भागावरून. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही जोडू शकतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. नाव 'बँक-इन डॉट कॉम' असं संपलं, तर थांबा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा.